फाटकावर हाक मारल्याशिवाय मूल मिळणार नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "नीलाताई, बालवाडीतल्या गमतीजमती लिहा. वाचकांना जरा हसवा." मी विचारलं, "आणि भांडणं?" तर म्हणाले, "भांडणं नकोत. अंक घरोघरी जातो." घरोघरी भांडणं होतातच, तेव्हा अंकाने ती बरोबर नेली तर कोणाचं काय बिघडतं? गमती लिहिते आणि भांडणही लिहिते. नको असेल तर कात्री त्यांच्या हातात आहे.

मी बोरिवलीला गोराईच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या मराठी बालवाडीत उभी हयात काढली. उभी म्हणजे खरोखरच उभी, कारण अडीच-तीन वर्षांची पोरं समोर असली की बसायला मिळत नाही. लोकांना वाटतं बालवाडी म्हणजे गाणी, मातीचे गोळे आणि दुपारची झोप. निवृत्त होईपर्यंत माझी सख्खी नणंद विचारायची, "अगं, तू शिकवतेस तरी काय?"

शिकवणं नंतर. जूनमध्ये आमचं खरं काम असतं ते रडणारं मूल कोणासाठी रडतंय हे शोधून काढण्याचं. मूल नुसतं रडत नाही, कोणाला तरी हाका मारत रडतं. ती हाक कोणाची हे कळलं नाही तर त्याला कशाने शांत करणार? म्हणून प्रवेशाला आलेल्या पालकांना मी पहिला प्रश्न विचारायची, "मूल घरात कोणाला काय म्हणतं?" पालक हसायचे. "म्हणजे काय, आई-बाबाच म्हणतो की!" मग पहिल्या दिवशी ते पोरगं "मंग्या, मंग्या" करून टाहो फोडायचं आणि संध्याकाळी उलगडा व्हायचा, की मंग्या म्हणजे बापच. मंगेशला अख्खी चाळ मंग्या म्हणते, पोरानेही तेच उचललं. एक मुलगी आपल्या आईला मॅडम म्हणायची, कारण आई घरी शिकवण्या घ्यायची आणि दिवसभर घरात तोच शब्द. एक मुलगा आजोबांना बाबा आणि बापाला दादा म्हणायचा.

मी कोणत्या तोंडाने हसणार होते? मी माझ्या जन्मदात्री आईला काकी म्हणायची. गिरगावात दोन खोल्यांत आम्ही सगळे एकत्र, चुलत भावंडं माझ्याहून मोठी, त्यांची ती काकी म्हणून माझीही काकी. ती गेली तेव्हा मी "काकी गं" म्हणूनच रडले. दारात जमलेल्यांपैकी एकालाही त्यात वावगं वाटलं नाही.

आता फाटकाचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. बालवाडी सुरू करणाऱ्या थोरल्या ताईंनी तो घालून दिला होता. शाळा सुटली की मुलं सतरंजीवर बसतात. घ्यायला आलेलं माणूस फाटकाबाहेर उभं राहतं. ताई मुलाचा हात धरून त्याला फाटकापाशी नेते आणि विचारते, "कोण आलंय?" मुलाने मोठ्याने हाक मारायची. हाक आली की कडी निघते. हाक नाही तर मूल नाही, मग बाहेर कलेक्टर का उभा असेना. ओळखपत्र कोणीही कोणाच्याही हातात देतं, पण तीन वर्षांचं पोर अनोळखी माणसाला कधी लाडाने हाक मारत नाही. एकदा एक गृहस्थ ओळखपत्र आणि चॉकलेट घेऊन आले, गोड बोलले, पण मुलगी माझ्या साडीमागे लपली. मी कडी काढली नाही. त्यांनी आरडाओरडा केला. मागून कळलं की घरात जागेवरून भांडण होतं आणि हे काका न विचारता तिला घेऊन चालले होते.

आणि मग रुसणारी पोरं. सकाळी बापाने मोबाइल काढून घेतलेला असायचा. दुपारी फाटकावर मी विचारायची, "कोण आलंय?" चिरंजीव आभाळाकडे बघून म्हणायचे, "कोणी नाही." बाप उन्हात घामाघूम. "अरे सोन्या, बाबा म्हण ना रे! एकदाच म्हण!" सतरंजीवर बसलेली बाकीची पोरं ओरडायची, "मयूरचे बाबा आले, मयूरचे बाबा आले!" पण मयूरने स्वतः म्हटल्याशिवाय मी हलायची नाही. शेवटी बाप मोबाइल द्यायचं कबूल करायचा. ह्या लाचलुचपतीत माझाही हात होता.

इरा आली ती कोविडनंतर शाळा पुन्हा नीट सुरू झाल्या त्या सुमारास. बरोबर दोघी होत्या. श्वेता अंधेरीला एका कंपनीत हिशेब तपासायची, शांत आणि मोजकं बोलणारी. मृणाल बोरिवलीतच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळच्या पाळीला असायची, मालवणकडच्या घरातली, वडील गिरणीत होते. श्वेता म्हणाली, "ताई, आधीच सांगते. आम्ही दोघी एकत्र राहतो, जोडपं म्हणून. इरा आमची दोघींची आहे. दत्तक मात्र मी एकटीने घेतलीय, कारण दोघींच्या नावावर घेता येत नाही."

खोटं कशाला बोलू, मी जरा गडबडले. म्हणून मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "मुलगी तुम्हाला काय म्हणते?"

श्वेता म्हणाली, "मला आई. हिला बाय."

मृणाल हसली. "माझी आई मला बाय म्हणते ना, कोकणातली पद्धत. काय गो बाय, जेवलंस काय गो बाय. हिने तेच उचललं. आम्ही मम्मा शिकवत होतो. सहा महिने मेहनत घेतली, फुकट गेली."

मी म्हटलं, "झकास. मंग्यापेक्षा तर बरंच आहे." आणि प्रवेश झाला.

दुपारी घ्यायला रोज मृणालच यायची. इराची हाक अख्ख्या शाळेत सगळ्यांत मोठी. फाटकापर्यंत न्यायचीही गरज नसायची, सतरंजीवरूनच "बा ऽऽ य!" अशी आरोळी यायची आणि रस्त्यावरचा रिक्षावाला मान वळवून बघायचा. दोन आठवड्यांत सगळी पोरं तिला इराची बाय म्हणून ओळखायला लागली. त्यांना काही प्रश्न पडला नाही. एकीला आई आणि आजी, एकाला आई आणि बाबा, इराला आई आणि बाय. विषय संपला.

प्रश्न पडला तो पालकांना. कुठल्या तरी ग्रुपवर चर्चा झाली आणि ती संस्थेचे कार्यवाह खानविलकर साहेब यांच्यापर्यंत पोचली. साहेब बँकेतून निवृत्त झालेले, माणूस वाईट नाही, शाळेचं छत गळायला लागलं तेव्हा हेच दारोदार फिरले होते. पण "लोक काय म्हणतील" ह्या प्रश्नाला ते फार घाबरायचे. बालवाडी माझ्याकडे असूनही मला न विचारता त्यांनी थेट तन्वीला सांगितलं. तन्वी आमची नवी शिक्षिका, साधी, मोठ्यांचं ऐकणारी मुलगी. साहेब तिला म्हणाले, "आईला आई म्हणू दे. दुसरीला शाळेत मावशी म्हणायला शिकवा. त्यात वाईट काय आहे? घरी काय ते म्हणा."

सुटायच्या वेळी मी तेव्हा फाटक तन्वीवर सोपवून आत ऑफिसात असायची. फाटकावर तन्वीने सुरुवात केली. "इरा, बाय नाही म्हणायचं. मावशी म्हण. मावशी आलीय." इराने आधी तिच्याकडे बघितलं, मग फिलूमावशीकडे बघितलं. फिलूमावशी म्हणजे आमच्या शाळेतली मदतनीस, गोराई गावातली, रोज होडीने खाडी ओलांडून येणारी. मुलांची नाकं पुसणं, त्यांना शी-शूला नेणं, सांडलेलं पुसणं सगळं तिच्याकडे. आमच्या पोरांच्या जगात मावशी एकच. इरा म्हणाली, "मावशी ही आहे." तन्वी म्हणाली, "ती पण मावशी, ही पण मावशी." असं रोज. प्रत्येक हाकेला "नाही, असं नाही."

आणि एक दिवस इराने हाक मारणंच बंद केलं.

फिलूमावशी मला बोलवायला आली तेव्हा चांगलीच तापलेली होती. "ताई, भायेर या. पोरगी गप बसलीय. त्या बाईला मावशी बोलायला लावतात. मग माझा झाडू पण तिला द्या ना! मी घरी जाते."

मी बाहेर आले. मृणाल फाटकापलीकडे, इरा अलीकडे, तन्वीचा हात धरून. मी विचारलं, "इरा, कोण आलंय गं?" ती चपलेकडे बघत राहिली. माझा नियम आता माझ्याच गळ्यात आला. कडीवर हात ठेवून मी म्हटलं, "मृणाल, मी ओळखते तुला. घेऊन जा. आजच्या दिवस नियम राहू दे बाजूला."

ती म्हणाली, "नको ताई. नियम मोडून नको. पोर पळवून नेल्यासारखं वाटेल मला."

मग श्वेताला फोन केला. ती अर्धा दिवस रजा टाकून अंधेरीहून आली. इरा हळूच "आई" म्हणाली आणि कडी निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. श्वेताचे ऑफिसवाले किती दिवस ऐकून घेणार होते? खानविलकर साहेब मात्र खूश. म्हणाले, "बघा, प्रश्न आपोआप सुटला. खरी आई येते घ्यायला." त्या वाक्याने माझं डोकं सणकलं.

त्याच आठवड्यात मृणाल मला भेटायला आली. पुढ्यातला चहा तसाच ठेवून बोलली. "घरी पण बाय म्हणत नाही आता. ओढणी ओढते, हात धरते, पण म्हणत नाही. काल माझी आई विचारत होती, 'चेडवाक गप कोणी केल्यान गो?' काय सांगू तिला, पोरीला कोणी गप केलं ते? ताई, कागदावर मी ह्या मुलीची कोणी नाही. जन्मदाखल्यावर नाही, दत्तकपत्रावर नाही. उद्या श्वेताला काही झालं तर मला कोणी हिच्या जवळ उभं करणार नाही. माझ्याकडे ती एक हाक होती. ती पण ह्यांनी काढून घेतली."

ती रडली नाही. मी रडले, पण नंतर, आणि रागाने.

तन्वीला बोलावून सांगितलं, "आजपासून ह्या शाळेत मुलाने कोणाला काय म्हणायचं हे कोणी शिकवायचं नाही. साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांग." बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मला वाटलं मुलीच्याच भल्याचं आहे. बाकीची मुलं चिडवतील म्हणून." मी म्हटलं, "चिडवलं कोणी? सांग नाव." एकाही मुलाचं नाव तिला सांगता आलं नाही.

मग साहेब. त्यांच्या घरी गेले, कारण ऑफिसात ते खुर्चीवर बसले की त्यांचा आवाज बदलतो. त्यांच्या मिसेसनी पोहे दिले. मी थेट विचारलं, "साहेब, तुम्ही तुमच्या वडिलांना काय म्हणायचात?"

"अप्पा. का?"

"आणि आईला?"

ते चमच्याने पोहे चाळवायला लागले. आतून त्यांच्या मिसेसच म्हणाल्या, "वहिनी म्हणायचे. सगळी भावंडं सासूबाईंना वहिनीच म्हणायची. धाकटे काका म्हणायचे ना, म्हणून."

मी म्हटलं, "मग त्या तुमच्या भावाची बायको झाल्या का? शाळेत मास्तरांनी कधी उभं करून सांगितलं का तुम्हाला, की खानविलकर, वहिनी म्हणू नकोस, लोकांचा गैरसमज होईल?"

"ते वेगळं होतं, ताई."

"काय वेगळं? सांगा तरी."

"ती घरं वेगळी होती. सगळ्यांना माहीत असायचं कोण कोणाचं कोण."

"इथेही सगळ्यांना माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच तर तुम्हाला नको आहे."

साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. म्हणाले, "ताई, तुमची निवृत्तीनंतरची मुदतवाढ कमिटीच्या हातात आहे, हे लक्षात असू दे." मी म्हटलं, "लक्षात आहे. पोहे छान झालेत." आणि निघून आले. रिक्षात बसल्यावर मात्र, शाळेशिवाय मी सकाळी उठून करणार काय, हा प्रश्न मलाही पडलाच.

पण हे सगळं मोठ्यांचं झालं. इरा बोलेना ती बोलेनाच, आणि श्वेता अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून तिला न्यायला येतच राहिली. तन्वीने तिला जवळ घेऊन सांगितलं, "इरा, तुला हवं ते म्हण हं." चिमुरडीने तिच्याकडे असं बघितलं की तन्वी पुन्हा रडली. बंदी घालायला आठवडा पुरला, उठवायला किती लागेल हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

मग आलं बोरन्हाण. ज्यांच्याकडे करत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. संक्रांतीनंतर लहान मुलांना काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि त्यांच्या डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, गोळ्या ओततात. बाकीची पोरं तुटून पडून खाऊ गोळा करतात. आमच्या बालवाडीत ते सगळ्यांचं मिळून व्हायचं. पद्धत अशी, की आपल्या पाळीला मुलाने उभं राहून समोर बसलेल्यांतून आपलं माणूस हाक मारून बोलवायचं. ते माणूस येऊन पाटावर बसतं, मूल मांडीवर बसतं. बहुतेक आयाच येतात, पण मागे आज्या आल्यात, एक बाप आला होता, आणि एकाने फिलूमावशीला बोलावलं होतं तेव्हा ती लाजून गोरीमोरी झाली होती.

त्या समारंभाचा मला काय भुर्दंड पडला ते आधी सांगून टाकते, म्हणजे कोणी हळहळायला नको. माझी मुदतवाढ झाली नाही. दोन-तीन पालकांनी मुलं काढून नेली. साहेब माझ्याशी रस्त्यात बोलत नाहीत, त्यांच्या मिसेस मात्र बाजारात भेटल्या की हात धरतात. फाटक आता तन्वी सांभाळते आणि कडी माझ्याहून घट्ट धरते. सकाळी उठून करायला काही नसतं, हे खरं आहे आणि ते मला खुपतं. पण पुन्हा तो दिवस आला तर मी पुन्हा तेच करीन, आणि जरा जास्त मोठ्या आवाजात करीन.

तर बोरन्हाण. वर्गातली बाकं हलवून मोकळी जागा केलेली, पालकांची गर्दी. माईक साहेबांच्या हातात होता, कारण माईक नेहमी त्यांच्याच हातात असायचा. श्वेता पुढच्या रांगेत बसली होती. मृणाल अगदी मागे, चपलांच्या शेजारी, कोणाच्या नजरेत यायचं नाही असं ठरवून आल्यासारखी. इराची पाळी आली. हलव्याचा मुकुट एका कानावर कललेला, हातात हलव्याची वाकी. ती उभी राहिली. पुढे बघितलं, मागे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

साहेबांनी माईकवरून सांगितलं, "इराची आई, श्वेता मॅडम, या."

श्वेता बसूनच राहिली. म्हणाली, "तिने मला हाक मारलेली नाही."

साहेब म्हणाले, "ठीक आहे, लाजली मुलगी. पुढचं मूल घ्या." मी उठले आणि त्यांच्या हातातून माईक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "पुढचं मूल येणार नाही. इराची पाळी आहे. तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे."

वेळ गेला. मोठी माणसं घसे खाकरत होती, कोणीतरी मागून "काय तमाशा लावलाय" म्हणालं. पण आमची पोरं खाली चुरमुऱ्यांच्या आशेने टपून बसलेली. त्यांना ना समाज माहीत, ना साहेब. त्यांना एवढंच दिसत होतं, की इरा बोलत नाही म्हणून खाऊ पडत नाही. त्यातला एक आधी ओरडला आणि मग सगळेच ओरडायला लागले, "इराची बाय! इराची बाय! इराच्या बायला बोलवा!"

इरा गर्रकन वळली. तो मुकुट पार नाकावर आला. "ए! गप रे!" ती किंचाळली. "तुमची नाहीये! माझी बाय आहे ती! मी बोलवणार!" आणि मग दोन्ही हात तोंडाशी धरून, रस्त्यावर ऐकू जाईल अशी, कित्येक दिवस साठवलेली हाक तिने मारली. "बा ऽऽ य! ये ना गं!"

सगळ्या माना मागे वळल्या. मृणाल अर्धवट उठली आणि तशीच थांबली. तिने साहेबांकडे बघितलं, पालकांकडे बघितलं आणि मग परवानगी मागावी तसं माझ्याकडे बघितलं. माईक अजून माझ्याच हातात होता, म्हणून मी बोलले ते सगळ्या हॉलने ऐकलं.

"माझ्याकडे काय बघतेस? हाक तुला मारलीय. ऊठ."